चौकट : झुडपांची उंची, पायवाटेची सुरक्षितता

कण्हेर आणि बिट्टी (पिवळी कण्हेर) यांच्या सर्व भागांत हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी विषारी द्रव्ये असल्यामुळे, रस्तादुभाजकांवर सर्रास दिसणारी ही झुडपे उद्यानात मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर ठेवणे इष्ट ठरते. पायवाटेलगतची कोयनेल किंवा दुरांत्याची कुंपणे कमरेएवढी राखली आणि वृक्षांच्या खालच्या फांद्या छाटून पर्णसंभार माणसाच्या उंचीच्या वर ठेवला, तर सावली टिकून नजरेला आडोसा उरत नाही व संध्याकाळी फिरणाऱ्यांना निर्धास्त वाटते. वाळक्या फांद्या पावसाळ्यापूर्वी उतरवणेही आवश्यक असते. वृक्षतोडीसाठी मात्र ‘महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५’ या कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते.