पीएफ मिळाला, पेन्शनचे काय?

नोकरी सुटल्यावर भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हाती पडली की कारखान्याशी असलेला सारा हिशेब मिटला, असे मानणारी एक पिढी आहे. माझे वडील त्याच पिढीतले. पीएफच्या पैशांतून बहिणीचे लग्न झाले, घराचे छप्पर झाले आणि कागद ट्रंकेत गेले. त्याच वर्गणीतून पेन्शनचे एक वेगळे खाते चालू होते आणि ते कोणी मिटवलेच नव्हते, हे घरात कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

आई-वडील लखनौच्या उत्तर भागात, जानकीपुरम वसाहतीत राहतात. मराठी माणसाला लखनौ म्हटले की पंडित भातखंडे आणि १९२६ साली त्यांच्या प्रयत्नांतून तेथे उभे राहिलेले संगीत महाविद्यालय आठवते. आमच्या कुटुंबाला तेथे नेले ते मात्र नोकरीने. वडील १९९२ पासून पुण्यातील एका लहान कारखान्यात होते. २००० च्या मार्चमध्ये तो बंद पडला. त्याच वर्षी त्यांना लखनौत काम मिळाले आणि २००८ मध्ये, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, ते तेथूनच निवृत्त झाले. पुढे तो कारखानाही बंद झाला. दोन्ही ठिकाणी प्रत्येकी आठ वर्षे. दोन्ही ठिकाणी त्यांना एकच गोष्ट सांगण्यात आली होती, "दहा वर्षे भरली नाहीत, पेन्शन बसत नाही."

हे वाक्य अर्धेच खरे होते. ते समजण्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागतो. १ मार्च १९७१ पासून कुटुंब पेन्शन योजना सुरू झाली. तिचा मुख्य लाभ, सेवेत असताना कर्मचाऱ्याचा मृत्यू ओढवल्यास, त्याच्या कुटुंबास मिळत असे. १६ नोव्हेंबर १९९५ पासून तिची जागा कर्मचारी पेन्शन योजनेने घेतली. तेव्हापासून मालकाच्या वर्गणीतील, वेतनाच्या ८.३३ टक्के इतका भाग पेन्शन निधीत वळू लागला. कर्मचाऱ्याची स्वतःची वर्गणी आणि मालकाची उरलेली वर्गणी पीएफ खात्यात जमा होत राहिली. म्हणून नोकरी सुटल्यावर अर्जही दोन असत. फॉर्म १९ भरला की पीएफ मिळे. पेन्शनच्या भागासाठी फॉर्म १०-सी वेगळा होता. पेन्शनसाठी किमान दहा वर्षांची सेवा लागते, पण ती एकाच मालकाकडे झालेली असावी, अशी अट नाही. निरनिराळ्या नोकऱ्यांची सेवा जोडता येते. सहा महिने किंवा त्याहून अधिक असलेला अपूर्णांक पूर्ण वर्ष धरला जातो, त्यामुळे साडेनऊ वर्षे भरलेल्यानेही निराश होऊ नये.

अडचण एकच असते. दहा वर्षांच्या आत नोकरी सुटली आणि १०-सी भरून पेन्शनचे पैसे काढून घेतले, तर ती सेवा पुन्हा मोजली जात नाही. ते पैसे न काढता 'स्कीम सर्टिफिकेट' म्हणजे सेवेचा दाखला घेतला असेल किंवा काहीच केले नसेल, तर ती सेवा शिल्लक राहते. वडिलांना काहीच आठवत नव्हते. पंचवीस वर्षांपूर्वीचा एखादा फॉर्म आठवावा तरी कसा? उत्तर सापडले ते बँकेच्या जुन्या पासबुकात. पीएफ आणि पेन्शनची रक्कम स्वतंत्रपणे येत असे. २००० सालच्या पानावर पीएफ कार्यालयाकडून आलेली एकच जमा होती. लखनौच्या पासबुकातही तसेच. जुनी पासबुके रद्दीत देण्यापूर्वी वाचकांनी हा विचार जरूर करावा.

यापुढचे सगळे शोधकाम खाते क्रमांकाभोवती फिरते. आज प्रत्येक सदस्यास सार्वत्रिक खाते क्रमांक मिळतो, पण ही पद्धत २०१४ मध्ये आली. त्यापूर्वी निवृत्त झालेल्यांचा जुना क्रमांक म्हणजे राज्याची अक्षरे, आस्थापनेचा संकेतांक आणि शेवटी कर्मचाऱ्याचा अनुक्रमांक. तो पीएफच्या वार्षिक पावतीवर (फॉर्म २३) असे, अनेकदा पगाराच्या चिठ्ठीवरही. पुण्याची पावती मिळाली, लखनौची नाही. तेव्हा भविष्यनिर्वाह निधी संघटनेच्या संकेतस्थळावरील आस्थापना शोधण्याची सोय कामी आली. तेथे कंपनीच्या नावावरून संकेतांक मिळतो. कंपनी बंद झाली असली, तरी तिने दरवर्षी दाखल केलेली विवरणे, विशेषतः प्रत्येक कामगाराची वर्गणी दाखवणारा फॉर्म ३-ए, पीएफ कार्यालयाच्या दप्तरात असू शकतात. अनुक्रमांक मिळाला तो वडिलांच्या एका जुन्या सहकाऱ्यामुळे. दोघे एकाच आठवड्यात रुजू झाले होते. त्यांच्या क्रमांकाच्या आसपासच वडिलांचा क्रमांक असणार, हा तर्क बरोबर ठरला.

खरा वेळ गेला तो नावांमध्ये. पुण्याच्या नोंदीत आडनाव आधी, मग नाव, मग आजोबांचे नाव. लखनौच्या नोंदीत आजोबांचे नाव गळालेले आणि आधारपत्रावर इंग्रजी स्पेलिंग तिसरेच. आईची गोष्ट याहून बिकट. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची चाल होती. जुन्या नामनिर्देशन पत्रात तिचे सासरचे नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचे. महाराष्ट्रात कारकुनाला हे समजावून सांगावे लागत नाही. लखनौत मात्र दोन वेगळ्या स्त्रियांची नावे असावीत, असे वाटणे स्वाभाविकच होते. विवाहाचा दाखला, आधारपत्र आणि दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र, एवढे जोडल्यावर ती गाठ सुटली. परप्रांतात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी हे कागद दावा करण्याआधीच तयार ठेवावेत.

पेन्शनचा दावा फॉर्म १०-डी वर, शेवटची नोकरी ज्या कार्यालयाच्या हद्दीत झाली तेथे करायचा असतो. म्हणून आमचा दावा लखनौत दाखल झाला आणि पुण्याची सेवा तेथे जोडून घेतली गेली. मालक हयात नसेल किंवा कंपनी बंद असेल, तर अर्जावर सही कोण करणार, हा प्रश्न अनेकांना अडवतो. अशा वेळी राजपत्रित अधिकारी, पोस्टमास्तर किंवा खाते असलेल्या बँकेचे व्यवस्थापक यांचे साक्षांकन चालते. सोबत पती-पत्नीचे एकत्र छायाचित्र लागते. त्यासाठी दोघांना फोटोच्या दुकानात न्यावे लागले. लग्नानंतर प्रथमच असे शेजारी बसून फोटो काढतो आहोत, असे आई म्हणाली.

रक्कम किती? पेन्शनयोग्य वेतनास सेवेच्या वर्षांनी गुणून सत्तरने भागायचे, असे सूत्र आहे. २००१ ते २०१४ या काळात वेतनाची मर्यादा ६,५०० रुपये होती. १९९५ नंतरची सेवा बारा वर्षे धरली, तर महिना सुमारे १,११४ रुपये होतात. त्यापूर्वीच्या सेवेचा लाभ वेगळा. १ सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन १,००० रुपये ठरली. या रकमेत आजच्या महागाईत घर चालत नाही, हे उघड आहे. पण औषधांचा महिन्याचा खर्च मुलांकडे न मागता भागवता येणे, याला पंचाहत्तरीच्या माणसाच्या लेखी काय मोल असते, ते ज्यांच्या घरी वृद्ध आहेत त्यांना ठाऊक आहे.

कार्यालयाबाहेर 'काम करून देतो' म्हणणारे भेटतात. दाव्याला शुल्क नाही, त्यांच्याकडे जाण्याचे कारणही नाही. कार्यालयाकडून उत्तर न आल्यास संघटनेचे तक्रार संकेतस्थळ आहे. माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांच्या अर्जावर आपल्या खात्याची नोंद मागता येते. २०२३ पासून दर महिन्याच्या २७ तारखेस जिल्ह्याजिल्ह्यांत 'निधी आपके निकट' हे शिबिर घेण्याचा उपक्रम सुरू झाला. तेथे कागद प्रत्यक्ष दाखवता येतात. आई-वडील एका शहरात आणि मुले दुसऱ्या, अशा घरांना ही सोय फार मोलाची. मोबाइलवर येणारा ओटीपी मात्र, समोरचा स्वतःला अधिकारी म्हणवत असला तरी, सांगू नये.

१ जानेवारी २०२५ पासून ही पेन्शन देशातील कोणत्याही बँकेच्या कोणत्याही शाखेतून मिळू शकते. मुलाकडे मुक्काम हलवला, तरी आदेश एका कार्यालयातून दुसरीकडे पाठवावा लागत नाही. हयातीचा दाखला वर्षातून एकदा द्यावा लागतो. तो बोटाच्या ठशावर किंवा चेहऱ्याच्या ओळखीवर, घरबसल्याही होतो.

पेन्शनचा आदेश हाती आला की रकमेआधी पत्नीच्या नावाची आणि जन्मतारखेची ओळ वाचावी. सदस्याच्या पश्चात पत्नीस पेन्शनचा निम्मा भाग किंवा किमान १,००० रुपये मिळतात, आणि ते त्या ओळीच्या आधारावर. आमच्या आदेशात आईचे जन्मवर्ष एका अंकाने चुकले होते. वडील समोर असताना ती दुरुस्ती एका अर्जात झाली.