सणांची दाटी आणि घरचे प्रसंग

कोकणातील बेने इस्राएल समाजाने आपल्या धार्मिक सणांना मराठी नावे दिली. वर्षारंभ हा ‘नव्याचा सण’. प्रायश्चित्ताचा योम किप्पूर हा ‘दारफळणीचा सण’. दारे लावून घेऊन, पांढरी वस्त्रे परिधान करून तो पाळावयाचा. त्याच्या दुसऱ्या दिवशीचा ‘शिळा सण’ मात्र दानधर्माचा आणि गाठीभेटींचा. सुमारे २५ तासांच्या निर्जळी उपवासानंतर असा एक मोकळा दिवस ज्यांनी राखला, त्यांना मनुष्यस्वभावाची जाण खासच होती.

हिब्रू पंचांग आपल्याप्रमाणेच चंद्राची गती धरून चालते आणि अधिक मासाने सूर्याशी मेळ घालते. त्यामुळे हे सण भाद्रपद-आश्विनातच येतात. २०२५ साली तर नव्याचा सण घटस्थापनेच्या सूर्यास्ताला लागला, योम किप्पूर दसऱ्याला आला आणि मांडवांचा सुक्कोथ कोजागिरीच्या संध्याकाळी सुरू झाला. अवघ्या तीन आठवड्यांत इतके सण! दिवस सूर्यास्तापासून मोजला जात असल्याने स्वयंपाकपाणी, साफसफाई सर्व आदल्या दिवशी उन्हे उतरण्यापूर्वी उरकावे लागते. नोकरी करणाऱ्या गृहिणीला कचेरीतून वेळेवर निघता येईल की नाही, हीच त्या दिवसाची खरी विवंचना असते.

परंतु जन्म, विवाह आणि मृत्यू ही काही पंचांग पाहून येत नाहीत. यहुदी धर्मशास्त्राने या तिहींचा वेगवेगळा विचार केला आहे. मुलाची सुंता आठव्या दिवशी. मूल निरोगी असेल आणि प्रसूती नैसर्गिक असेल, तर तो दिवस योम किप्पूरचा आला तरी ती टळत नाही. विवाह मात्र थांबतो. सुक्कोथच्या सप्ताहात लग्न लावू नये, कारण एका आनंदात दुसरा आनंद मिसळू नये, असा दंडक आहे. एकाच खर्चात दोन कार्ये उरकण्याची हौस असणाऱ्या आपल्यासारख्यांनी याचा विचार करण्याजोगा आहे. उपवासाच्या बाबतीत तर शास्त्र रुग्णाच्या बाजूने निःसंदिग्धपणे उभे राहते. जिवाला धोका असेल तर त्याने खाल्लेच पाहिजे, आणि बाळंतिणीला पहिले तीन दिवस उपवास नाही.

सर्वांत कठीण नियम शोकाचा. दफनानंतर सात दिवस घरी बसावयाचे, तीस दिवस काही निर्बंध पाळावयाचे, आईबापांसाठी वर्षभर. दुःख हळूहळू उतरत जावे अशी ही पायऱ्यांची रचना आहे. पण सात दिवस पुरे होण्याआधी सण लागला, तर ते तेथेच संपतात. घटकाभर शोक पाळला असला तरी उठावे लागते. उलट, सुक्कोथच्या सप्ताहात दफन झाले तर ते सात दिवस सण सरल्यावर सुरू होतात. समाजाचा आनंद व्यक्तीच्या दुःखाहून वरचढ मानला गेला, हे उघड आहे. एकट्याने कुढत राहण्यापेक्षा माणसांत यावे, हा त्यातील हितकर भाग. तरीही काल वडिलांना माती देऊन आलेल्या मुलाचे मन सूर्यास्ताच्या ठोक्याला सणाला लागेल, अशी अपेक्षा कोणी धरू नये. नियम त्याला उठवतो. त्याला हसावयास लावणे हा नातलगांचा अधिकार नव्हे.

हे सर्व नियम भरल्या वस्तीसाठी होते. मृतासाठी म्हणावयाच्या कद्दीश प्रार्थनेला परंपरेने दहा प्रौढ पुरुष लागतात. १९४८ नंतर बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली, आणि अष्टागरातील जुन्या गावांत दहा माणसे जमविणे हेच एक कार्य होऊन बसले. मुंबई-ठाण्याहून कोणी येतो, कोणी रजा काढतो. वृद्ध आईचे आजारपण, मुलाची परीक्षा आणि सण एकत्र आले म्हणजे पूर्वी शेजारच्या चार घरांत वाटला जाणारा भार एकाच घरावर पडतो, आणि बहुधा त्या घरातील एकाच स्त्रीवर. तिच्यासाठी शास्त्रात वेगळी सवलत शोधण्याची गरज नाही. सणाच्या पदार्थांतील दोन कमी केले आणि पाहुण्यांनी आपला डबा बरोबर आणला, तर कोणताही धर्मनियम मोडत नाही.