आजारी रजेनंतर पुन्हा कामावर

यंत्रमागात हात सापडला तर जखम औषधाने भरते. पण कारागीर मागावर परत येईलच असे नाही. कांडी बदलताना पकड सुटते, तुटलेला धागा जोडता येत नाही. अशा वेळी व्यवसायोपचार उपयोगी पडतो. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात कमला निंबकर यांनी १९५० साली याचे शिक्षण सुरू केले.

व्यवसायोपचारतज्ज्ञ आधी कामाची फोड करतो : वजन किती उचलायचे, उभे किती वेळ राहायचे. मग त्याच हालचालींचा सराव हळूहळू वाढवितो. हत्याराची मूठ जाड करणे, बसायला स्टूल देणे असे बदलही सुचवितो.

कामगार विमा योजनेत नोंद असल्यास कामावरील अपघातात वेतनाच्या ९० टक्के, तर साध्या आजारात अटींनुसार वर्षात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के भत्ता मिळतो. मात्र भत्त्याच्या दिवशी काम करता येत नाही. म्हणून डॉक्टरांचा फिट दाखला घेऊनच रुजू व्हावे. मालकांनीही सुरुवातीला हलके काम द्यावे. त्यात मालकाचा अनुभवी कारागीर टिकतो आणि कारागिराची हलाल रोजी.