आजीच्या डबीतल्या ३० बिया

आजचा एपिसोड कुंडीत बी पेरण्याबद्दल आहे. आणि एका डबीबद्दल.

मी केळझरची. नागपूर-वर्धा रस्त्यावरचं, सिद्धिविनायकाचं गाव. आजी गेली तेव्हा तिच्या सामानात एक डबी सापडली. आत राख, आणि राखेत वांग्याच्या बिया. मोजल्या, ३० भरल्या. आजीच्या भरताचं ते वांगं आमच्या नात्यात दुसऱ्या कोणाकडेच उरलेलं नाही. म्हणजे या ३० गेल्या की विषय संपला.

आणि मी काय केलं? जुलैत १५ बिया एकदम पेरल्या. कुंडीत शेतातली काळी माती भरली, बोटभर खोल बी टाकलं, सकाळ-संध्याकाळ पाणी. तीन आठवडे झाले तरी एकही उगवली नाही. शेजारच्या काकू कुंडीत डोकावून म्हणाल्या, "काऊन वं, बी पेरलं का बुडवलं?"

त्यांचं बरोबर होतं. बी जिवंत असतं. पाणी प्यालं की ते जागं होतं आणि जोरात श्वास घ्यायला लागतं. त्याला हवा लागते. काळी माती पाणी धरून ठेवते. शेतात कापसाला ते बरं, पण कुंडीत रोज पाणी ओतलं की हवेची जागा पाणी घेतं आणि बी सडतं. शिवाय वांग्याचं बी बारीक, त्यातली शिदोरीही थोडीच. बोटभर माती फोडून वर येण्याआधीच ती संपते. साधा नियम लक्षात ठेवा: बी जेवढं जाड, त्याच्या दोन-तीनपट खोल. वांगं, टमाटर, मिरचीला अर्धा सेंटिमीटर पुरे.

आता हातात १५ उरल्या. या वेळी आधी परीक्षा घेतली. १० बिया ओल्या सुती कापडात गुंडाळल्या, डब्यात ठेवल्या. कापड ओलं हवं, पिळल्यावर पाणी टपकायला नको. आठवडाभर काहीच नाही. नवव्या दिवशी पहिला पांढरा कोंब दिसला! दोन आठवड्यांत सहा झाले. म्हणजे १० पैकी ६ बिया जिवंत. जुनं बी असेल तर हे नक्की करा, किती पेरायचं ते कळतं.

ते सहा कोंब चहाच्या कागदी कपांत लावले. कपाला खाली भोक. काळी माती, रेती आणि कुजलेलं शेणखत सारखं-सारखं. तरी दोन रोपांनी मान टाकली. देठ मातीलगत काळं पडून बारीक झालं होतं. ही बुरशी, माती सतत ओली राहिली की येते. तेव्हापासून मातीचा वरचा थर सुकल्याशिवाय पाणी नाही.

उरलेली चार खिडकीपासून लांब होती, तर उंच आणि फिकट व्हायला लागली. नवरात्रातला घट आठवा. देवघरातल्या कमी उजेडात धान कसं पिवळं, लांबसडक वाढतं! घटात ते छान दिसतं, पण कुंडीत त्याचा अर्थ रोप उजेडासाठी धडपडतंय. मी कप उन्हात सरकवले, पण हळूहळू, आधी फक्त कोवळं ऊन. पाच आठवड्यांनी, चार-पाच पानं आल्यावर, संध्याकाळी मोठ्या कुंड्यांत हलवली.

जाता जाता सांबाराची टीप. धना म्हणजे दोन बिया एकत्र. हलकेच रगडून दोन फाकी करा, मगच पेरा.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं असंच घराघरांतून गोळा करून जपलं. त्यांना २०२० चा पद्मश्री जाहीर झाला. त्यांच्या कामावरून मला एक कळलं: बी नुसतं डबीत ठेवून टिकत नाही, दर दोन-तीन वर्षांनी पेरावं लागतं. आणि हायब्रीडचं बी धरू नका, पुढच्या पिढीत फळ तसंच येईल याची खात्री नसते.

माझ्या चार झाडांना वांगी लागली आहेत. सगळ्यात चांगल्या वांग्याला लाल दोरा बांधलाय. ते कोणी तोडायचं नाही, झाडावरच पिवळं होऊ द्यायचं. त्यातलं बी पहिल्यांदा काकूंना देणार.

डबीत अजून पाच बिया आहेत. तुमच्या घरी अशी डबी असेल तर आज शोधा. पण सगळ्या एकदम पेरू नका, हां! भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.