मेणवलीचा वाडा : वास्तु, बाग व दप्तर

वाईहून धोमकडे जातांना सुमारें एका कोसावर, कृष्णेच्या कांठीं, मेणवली हा गांव लागतो. तेथील नाना फडणविसांचा वाडा आम्हीं नुकताच पुनः पाहिला. असा वाडा पाहतांना संशोधकानें कोणत्या गोष्टींची गल्लत करूं नये, हें थोडक्यांत सांगण्याचें येथें योजिलें आहे.

शके १६९० (इ. स. १७६८) मध्यें औंधचे भवानराव प्रतिनिधि व रघुनाथ घनश्याम मंत्री यांनीं हा गांव नानांस दिला. पुढें नानांनीं तेथें वाडा, घाट व देवळें बांधिलीं. वाड्यास चौक सहा. पाठीशीं चंद्रकोरीसारखा घाट व मेणेश्वराचें देऊळ. मात्र दानाचें साल तेंच बांधणीचें साल असें समजूं नये. दानपत्र एका दिवसांत होतें. सहा चौक उभे राहण्यास वर्षें लागतात.

देवळाजवळ एका लहान वास्तूंत पंचधातूची मोठी घंटा टांगलेली आहे. तिजवर बाळ येशूस घेतलेल्या मेरीची आकृति व १७०७ हें साल आहे. इ. स. १७३९ मध्यें चिमाजीआप्पांनीं वसई घेतली, त्या विजयानंतर आणलेली ही घंटा होय. १७०७ हें घंटा ओतल्याचें साल. त्या वेळीं नानांचा जन्मही झाला नव्हता, तो इ. स. १७४२ चा. वस्तूवरील साल वस्तूचें, स्थळाचें नव्हे.

बागेविषयीं अधिक सावधगिरी हवी. फुलझाडें दोनशें वर्षें टिकत नाहींत. आज दिसतात तीं मागाहून लाविलेलीं. म्हणून कोणत्याही जुन्या वाड्याच्या बागेचा माग पाण्यावरून काढावा. विहिरीची मोटवण, थारोळें, पाट व हौद कोठें आहेत आणि उतार कोणीकडे आहे, हें मोजून घ्यावें. पाटाचा उतार जिकडे, तिकडे बागाइत. मग हिशेबांच्या यादींत माळ्याचा रोजमुरा व रोपांचा खर्च सांपडल्यास तो या मोजणीशीं ताडावा.

यापुढें दप्तर. नाना इ. स. १८०० मध्यें वारले. त्यांचे कागद मेणवलीस राहिले. पुढें ते दत्तात्रय बळवंत पारसनीस यांच्या हातीं आले, आणि त्यांचा सातारचा संग्रह इ. स. १९३९ मध्यें पुण्यास डेक्कन कॉलेजांत गेला. कागद वांचले, हा मोठाच लाभ झाला. परंतु कागद घरांतून हालला कीं त्याचें स्थान सांगणारा साक्षी जातो. कोणता रुमाल कोणत्या दालनांत होता, कोणतें पत्र कशाच्या पोटीं घडी घालून ठेविलें होतें, हें कागद स्वतः बोलत नाहीं.

आमच्याही हातून एकदां असें झालें. एका वाड्यांतील रुमाल सोडून आम्हीं त्यांतील पत्रें मोठ्या उत्साहानें तिथिवार लाविलीं. कित्येक पत्रांवर तिथि होती, साल नव्हतें. जवळच्या पत्रांवरून तें सहज निघालें असतें. जुळणी मोडल्यावर तीं पत्रें कायमचीं अनाथ झालीं.

म्हणून संग्राहकांस विनंती इतकीच कीं, गांठ सोडण्यापूर्वीं घर, दालन व कागदांचा अनुक्रम लिहून ठेवावा. वाडा, बाग व दप्तर हीं एकाच पोथीचीं पानें आहेत; सुटीं केलीं तर अर्थ लागत नाहीं.