लहान पात्रांतील रोपांची दाटी

पावसाळ्याच्या तोंडावर पुष्कळ शाळांतून परसबागेसाठी मिरची, वांगी व टोमॅटो यांची रोपे डब्यांत, कुंड्यांत अथवा नारळाच्या करवंट्यांत तयार केली जातात. बी चिमटीने न मोजता टाकले जाते. आठदहा दिवसांत डबा हिरवागार होतो व मुले हरखून जातात. पुढे तिसऱ्या आठवड्यात पाने पिवळी पडू लागतात, रोपे माना टाकतात आणि लावणीच्या वेळी दहापाच किडकिडीत काड्या हाती राहतात. दोष बियाण्याला दिला जातो, किंवा खत कमी पडले असे ठरविले जाते. एकदोन वर्षे असे झाले की परसबागेचा उत्साहच मावळतो. वस्तुतः हा दोष बहुधा दाटीचा असतो, आणि तो मुलांना अगदी अल्प खर्चात प्रत्यक्ष दाखविता येतो.

दाटीचा पहिला परिणाम फसवा आहे. दाट पेरलेली रोपे आरंभी विरळ रोपांपेक्षा उंच दिसतात, व उंच ते चांगले अशी मुलांची (आणि क्वचित मोठ्यांचीही) समजूत असते. हिरवे पान सूर्यप्रकाशातील तांबडे किरण शोषून घेते. त्यांच्या पलीकडचे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे किरण मात्र ते परतवून लावते किंवा आरपार जाऊ देते. त्यामुळे शेजाऱ्यांनी वेढलेल्या रोपापर्यंत या दोन्ही किरणांचे निराळे प्रमाण पोचते. हा फरक ओळखणारे फायटोक्रोम नावाचे रंगद्रव्य वनस्पतींत असते. अमेरिकेतील बेल्ट्सव्हिल येथील शासकीय कृषिसंशोधन केंद्रात १९५०–६० या दशकात त्याचा शोध लागला. शेजाऱ्याची चाहूल लागताच, प्रत्यक्ष सावली पडण्यापूर्वीच, रोप आपला अन्नसाठा खोड लांबविण्याकडे वळविते. मूळ व पान यांच्या वाट्याला कमी येते. खोड उंच होते, पण बारीक व कोवळे राहते, आणि अशी रोपे शेतात लावली की पहिल्या जोरदार सरीत आडवी होतात.

जमिनीखाली दुसरी चढाओढ चालू असते. लहान डब्यात माती मूठदोन मूठ. तीतील पाणी व नत्र अनेक मुळांत वाटले जाते. भर दुपारी दाट डबा प्रथम सुकतो. त्यावर उपाय म्हणून पाणी वाढविले, तर दाट पानांखाली हवा खेळत नसल्याने मातीचा वरचा थर सतत ओला राहतो व बुरशीसारखे सूक्ष्म जीव खोडाला मातीलगत ग्रासतात. रोपे कोलमडणे म्हणून शेतकरी ज्या रोगाला ओळखतात तो हाच. खत वाढविल्यानेही काम होत नाही. त्याने पाने वाढतात, पानांनी सावली वाढते. उणीव प्रकाशाची असते व ती खताने भरून निघत नाही.

प्रयोगासाठी एकाच आकाराचे तीन डबे घ्यावेत व प्रत्येकाच्या तळाला सारखी छिद्रे पाडावीत. एकाच ढिगातील चाळलेली माती भरून पहिल्यात ३, दुसऱ्यात १२ व तिसऱ्यात ५० मोहरीचे दाणे पेरावेत. काही दाणे उगवत नाहीत, म्हणून थोडे अधिक टाकून उगवणीनंतर संख्या बरोबर करावी. तिन्ही डबे उघड्या उजेडात शेजारी शेजारी ठेवून रोज मोजून सारखेच पाणी द्यावे. दर आठवड्यास मुलांनी उंची, पानांची संख्या व खोडाची जाडी वहीत लिहावी. केवळ उंची लिहिली तर प्रयोग उलटे शिकवील.

सहाव्या आठवड्यात रोपे मातीलगत कापून प्रत्येक डब्याचे एकूण वजन व एका रोपाचे सरासरी वजन काढावे. किराणा दुकानाचा मोठा तराजू येथे उपयोगी नाही. सराफाकडील बारीक काटा मिळाल्यास पाहावा. १२ व ५० रोपांच्या डब्यांचे एकूण वजन बरेच जवळ येते, एका रोपाचे वजन मात्र कितीतरी भिन्न निघते. ३ रोपांचा डबा एकूण वजनात मागे राहू शकतो, कारण तो अजून पुरता भरलेला नसतो. जपानमधील शास्त्रज्ञ किरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये हीच गोष्ट मांडली: ठराविक जागेत दाटी एका मर्यादेपलीकडे गेली की एकूण उत्पन्न वाढत नाही, ते फक्त अधिक जणांत विभागले जाते. (दाटीच्या वर्गाशी याची तुलना करण्याचा मोह शिक्षकांना होईल, तो आवरावा, मुले म्हणजे मोहरी नव्हे.)

यावर एखादा चौकस विद्यार्थी विचारील, की मग मेथी दाट का पेरतात? प्रश्न रास्त आहे. मेथीची जुडी कोवळी उपटावयाची असते, तेथे एकूण वजन महत्त्वाचे. मिरचीचे प्रत्येक रोप पुढे महिनोन्‌महिने फळ देणार असते. तेथे एकेका रोपाचा जोम पाहावा लागतो.

म्हणून लावणीच्या रोपांसाठी एका करवंटीत दोन किंवा तीनच बिया टाकाव्यात आणि दोन खरी पाने फुटताच विरळणी करून एकच रोप ठेवावे. उगवलेले रोप काढावयास मुले सहसा तयार होत नाहीत व उशीर करतात. तेवढ्यात उरणाऱ्या रोपाचे नुकसान होऊन चुकते. रोप उपटू नये, कात्रीने मातीलगत कापावे, म्हणजे शेजाऱ्याची मुळे हलत नाहीत. काढलेली मोहरी व मेथी भाजीत चालते. मिरची, वांगी व टोमॅटो यांची कोवळी पाने मात्र मुलांना चाखू देऊ नयेत. ती खतखड्ड्यात टाकावीत, किंवा मुळासकट सुटी निघण्याइतकी माती ओली असल्यास, संध्याकाळच्या वेळी दुसऱ्या करवंटीत लावून दोन दिवस सावलीत ठेवावीत.