मासा पाला खातो, पचवते कोण?

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या तलावांत मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाला गवत्या (ग्रास कार्प) मासा नवा नाही. कतला, रोहू, मृगळ यांच्या बोटुकलीबरोबर थोडी गवत्याची बोटुकली सोडायची आणि बांधावरचे कोवळे गवत, बरसीम, केळीची पाने किंवा तलावातलीच हायड्रिला त्याच्यापुढे टाकायची, ही रीत गावतलावांपासून शेततळ्यांपर्यंत पोचली आहे. दुसरीकडे, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर राहूनही घरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणारे हौशी लोक आपल्या रंगीत माशांना पालक आणि लेट्यूस घालतात. दोघांचाही समज एकच असतो: मासा पाला खातो, म्हणजे तो त्याच्या अंगी लागतो. खाणे आणि अंगी लागणे यांत मात्र बरेच अंतर आहे आणि ते गोड्या पाण्यात एका तऱ्हेने कापले जाते, खाऱ्या पाण्यात दुसऱ्या.

पानातली प्रत्येक पेशी सेल्युलोजच्या भिंतीआड असते. प्रथिने, शर्करा, जीवनसत्त्वे सगळी आत. ही भिंत विरघळवणारे विकर पाठीचा कणा असलेले प्राणी स्वतः तयार करत नाहीत. गाय-म्हशीचे काम कोठीपोटातले सूक्ष्मजीव करतात. गवत्याला तर पोटच, म्हणजे जठरच नाही. कार्प कुळातल्या कोणत्याच माशाला ते नसते. त्याच्याजवळ आहेत ते घशातले दात. फणीसारख्या खाचांच्या या दातांनी तो पान कातरतो आणि रगडतो. ज्या पेशी फुटल्या त्यांतला रस मिळाला, ज्या शाबूत राहिल्या त्या तशाच पुढे जातात. त्याचे आतडेही शाकाहाऱ्याच्या मानाने आखूड, शरीराच्या जेमतेम दोन-अडीच पट लांब. उन्हाळी पाण्यात खाल्लेले गवत काही तासांतच बाहेर पडते आणि त्यातला जवळपास निम्मा भाग न पचलेला असतो. आतड्यातल्या जिवाणूंची थोडी मदत होते, पण इतक्या कमी वेळात त्यांना फारसे काही साधत नाही.

म्हणूनच गवत्या इतका खादाड आहे. कोमट पाण्यात लहान मासा दिवसाला स्वतःच्या वजनाहून अधिक हिरवा चारा फस्त करू शकतो. एक किलो मासा वाढायला, चाऱ्याच्या प्रकाराप्रमाणे, साधारण 25 ते 50 किलो ओला पाला लागतो. हा व्यवहार आतबट्ट्याचा वाटेल, पण तलावात काही वाया जात नाही. गवत्याची विष्ठा म्हणजे बारीक चिरलेले, अर्धवट कुजलेले खतच. त्यावर जिवाणू वाढतात, त्यातल्या नत्र-स्फुरदावर पाण्यातली सूक्ष्म वनस्पती वाढते आणि तिच्यावर प्राणिप्लवक. प्लवक कतला आणि चंदेरा (सिल्व्हर कार्प) खातात, तळाशी बसलेला गाळ मृगळ आणि सिप्रिनस (कॉमन कार्प) उपसतात. एकाने चरायचे आणि पाच जणांनी पोसायचे, असा हा हिशेब आहे.

मिश्र मत्स्यशेती याच हिशेबावर उभी आहे. मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधुरी यांनी 1957 मध्ये ओडिशात संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन भारतीय कार्पचे प्रजनन यशस्वी केले आणि मत्स्यबीजासाठी नदीवर विसंबून राहण्याचे दिवस सरू लागले. गवत्या मूळचा पूर्व आशियातल्या नद्यांचा. तो 1959 मध्ये हाँगकाँगहून कटकच्या संशोधन केंद्रात आणला गेला. मिश्र मत्स्यशेतीचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प 1971 मध्ये सुरू झाला. त्यातून रुळलेल्या सहा जातींच्या मेळात गवत्याचा वाटा साधारण शेकडा 10 ते 15 इतकाच असतो, कारण त्याचे काम चरण्याइतकेच खत पुरवण्याचेही आहे.

समुद्रातल्या शाकाहारी माशांनी पेशीभिंतीवर वेगवेगळे तोडगे काढले आहेत. पोपटमासा घशातल्या जात्यात शैवाल आणि प्रवाळाचा चुरा करतो. काही सर्जनमाशांच्या जठरातले आम्ल शैवालाच्या पेशी फोडते. काहींनी गाईचा मार्ग धरला आहे: आतड्यात सूक्ष्मजीव पाळायचे आणि त्यांनी आंबवलेल्या शैवालातून निघणाऱ्या मेदाम्लांवर जगायचे. तांबड्या समुद्रातल्या एका सर्जनमाशाच्या आतड्यात 1985 मध्ये एक जीव नोंदवला गेला. अर्ध्या मिलिमीटरहून लांब, नुसत्या डोळ्यांना दिसेल एवढा. इतका मोठा जिवाणू असेल असे तेव्हा कोणाला वाटले नाही. तो जिवाणूच आहे हे 1993 मध्ये जनुकीय पुराव्याने सिद्ध झाले. एपुलोपिशियम हे त्याचे नाव.

ही सगळी यंत्रणा समुद्री शैवालासाठी घडलेली आहे, पालकासाठी नाही. जमिनीवरच्या झाडाला उभे राहायला ताठ सेल्युलोज आणि लिग्निन लागते. शैवालाला पाणीच तोलून धरते, त्यामुळे त्याची भिंत मऊ आणि वेगळ्या शर्करांची असते. दुसरा फरक मेदाचा. लाल शैवालात ईपीए नावाचे लांब साखळीचे ओमेगा-3 मेदाम्ल असते, पालेभाजीत ते नसते. कार्पसारखे गोड्या पाण्यातले मासे पानातल्या साध्या मेदाम्लापासून ते बनवू शकतात. बहुतेक समुद्री माशांना ते नीट जमत नाही, त्यांना ते आयते लागते. तिसरा फरक आयोडीनचा. थायरॉईडला लागणारे हे द्रव्य शैवालात भरपूर, भाजीत नाममात्र. लेट्यूसमध्ये तर शेकडा 95 भाग पाणीच. पालकातले ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवते. म्हणजे गवत्याला जो पाला चालतो, तो टाकीतल्या सर्जनमाशाचे पोट भरेल, पोषण करणार नाही. त्याला सुशीसाठी मिळणाऱ्या बिनमिठाच्या, बिनमसाल्याच्या नोरीची, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शैवालाची, पट्टी लावून द्यावी. कधीमधी भाजी द्यायचीच असेल तर मिनिटभर उकळत्या पाण्यातून काढावी किंवा गोठवून घ्यावी, म्हणजे पेशी आधीच फुटतात.

उरलेल्या पाल्याचे काय होते, हाही प्रश्न तेवढाच महत्त्वाचा. पान कुजताना जिवाणू प्राणवायू खातात आणि अमोनिया सोडतात. गोड्या पाण्यात 25 अंशांना लिटरमागे सुमारे 8.3 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, 35 अंशांना सुमारे 7. खाऱ्या पाण्यात त्याहूनही कमी. उलट तापमान 10 अंशांनी चढले की कुजण्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. चंद्रपूरचा पारा उन्हाळ्यात 45 अंशांपुढे जातो, हे वेगळे सांगायला नको. तलावात कुजलेला पाला खत होतो, शे-दोनशे लिटरच्या टाकीत तोच विष होतो. टाकीतले उरलेले पान काही तासांत काढलेच पाहिजे. तलावातही बांबूची तरंगती चौकट करून तिच्यातच चारा टाकावा आणि दुसऱ्या दिवशी उरलेली देठे बाहेर काढावीत. उन्हाळ्यात पाणी आटत आले की हात आखडता घ्यावा.

जंगलाचा जिल्हा म्हटला की पाल्याला तोटा नाही, पण सगळा पाला चारा नसतो. तेंदूची चिवट पाने टॅनिनने भरलेली असतात. ओढ्यात पडलेल्या अशा पानावर आधी बुरशी चढते, मग कीटकांच्या अळ्या ती कुरतडतात आणि त्या अळ्या मासा खातो. पानाचा मासा होतो, पण तिसऱ्याच्या हातून. मोहाच्या ढेपेतले सॅपोनिन तर माशाच्या तांबड्या रक्तपेशी फोडते. म्हणून तलावातले नको असलेले मासे मारायला ती वापरतात. काही दिवसांनी विष ओसरल्यावर तिचे खत होते. धानावर मारलेल्या कीटकनाशकाचे पाणी उडालेले बांधावरचे गवत आणि बाजारातला फवारलेला कोबीचा पाचोळाही टाळावा.

आता धोक्याची बाजू. मामा (माजी मालगुजारी) तलाव म्हणजे नुसती मासे वाढवायची टाकी नव्हे. तिथल्या पाणवनस्पतींवर अनेक स्थानिक मासे अंडी घालतात, पिल्ले तिथेच दडतात, पक्षी तिथेच चरतात. गवत्या हायड्रिलासारख्या मऊ वनस्पती आधी साफ करतो आणि जलपर्णीला फारसे तोंड लावत नाही. म्हणजे नको ती वनस्पती राहते, हवी ती जाते. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, मनीष राजनकर यांच्या पुढाकाराने ढिवर समाजाच्या लोकांनी तलावातली बेशरम नावाची उपद्रवी वनस्पती उपटून स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या आहेत. अशा तलावात गवत्याची बेसुमार बोटुकली सोडणे म्हणजे केलेल्या कामावर पाणी फिरवणे.

सुदैवाने गवत्याचे साचलेल्या पाण्यात प्रजनन होत नाही. त्याच्या अंड्यांना वाहती मोठी नदी लागते. तलावात तो आपण सोडू तेवढाच राहतो. म्हणून मच्छीमार सोसायट्यांनी बीज घेण्याआधी तलावात कोणती वनस्पती किती आहे ते पाहावे, ती जपायची असेल तर गवत्या शेततळ्यापुरताच ठेवावा आणि तिथे चारा बाहेरून द्यावा. खाऱ्या पाण्याच्या हौशी मंडळींनी भाजीबाजाराऐवजी समुद्राचाच पाला विकत घ्यावा.